आधी जोड लावा, मग नायक निवडा

सुट्टीच्या दिवशी माझ्या पटकथा-वर्गाला येणाऱ्या, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थ्याने मला लेखी प्रश्न दिला आहे. त्याने कॉमिक्समधील पाच सुपरहिरोंची यादी केली आहे: बूस्टर गोल्ड, डॉक्टर मिड-नाइट, द क्वेश्चन, ब्लू मार्व्हल आणि आपल्या इंद्रजाल कॉमिक्समधील बहादूर. सर्वसाधारण प्रेक्षकाला यांतील बहुतेकांची नावेही ठाऊक नसतात. यांपैकी कोणाचा स्वतंत्र चित्रपट उभा राहू शकेल, नायकाला शक्ती कशी मिळाली हे सांगण्यात किती वेळ घालवावा, आणि कोल्हापुरात बसून असल्या परक्या नायकांवर डोके शिणवण्यात काही हशील आहे का, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

तुम्ही प्रत्येक नावापुढे त्या नायकाची शक्ती लिहिली आहे आणि तिच्याच जोरावर चित्रपट होईल असे गृहीत धरले आहे. गेली चोवीस वर्षे मी पटकथा लिहिते आणि इतरांच्या दुरुस्त करते. त्या अनुभवावरून सांगते की पडद्यावर शक्तीचे नवल पहिल्या दहा मिनिटांत ओसरते आणि उरलेले दोन तास लेखकाला दुसऱ्या कशाच्या तरी आधारावर काढावे लागतात. ते दुसरे काय, हे मला पटकथेच्या पुस्तकात सापडले नाही. ते मी वडिलांच्या वहीत पाहिले.

माझे वडील कागल तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या जोडी लावत असत. जत्रेच्या आधी पंधरा दिवस त्यांच्यासमोर एक वही उघडी असे आणि तिच्यात पैलवानांच्या तालमी, वजने, मागच्या मैदानांचे निकाल, कोणाचा गुडघा दुखावला आहे, कोण लग्न झाल्यापासून मेहनतीत ढिला पडला आहे, अशी सगळी नोंद असे. रेवडीवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या एक नंबरच्या कुस्तीपर्यंत सारे मैदान त्या वहीतून निघे. मुलींना मैदानाच्या कडेला बसू देत नसत, म्हणून मी लांब उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून पाहत असे. एका वर्षी वडिलांनी एका नामांकित पैलवानासमोर मुद्दाम त्याच्याहून हलका, पण खालून निसटण्यात वाकबगार असलेला गडी दिला. गावातील जाणती मंडळी कुरकुरली, कारण त्यांना तोडीस तोड वजन हवे होते. ती कुस्ती अर्ध्या तासाच्या वर चालली, आणि त्या नामांकित पैलवानाला इतका दमलेला, चिडलेला आणि बुचकळ्यात पडलेला आम्ही त्याआधी कधी पाहिला नव्हता. वडिलांचे म्हणणे एवढेच होते की ताकदीसमोर तशीच ताकद दिली तर लोकांना नुसती धक्काबुक्की दिसते.

स्वतंत्र चित्रपटाचे गणित मला नेमके असे वाटते. पाच-सहा सुपरहिरो एकत्र येतात त्या चित्रपटात प्रत्येकाने आपापले एक हत्यार घेऊन यायचे असते. कोणी उडतो, कोणी दार फोडतो, कोणी विनोद करतो, आणि एकाचे काम संपले की दुसरा पुढे होतो. त्यातील एकाला बाजूला काढून त्याच्यावर पूर्ण चित्रपट बेतायचा झाला, तर त्याच्याकडे जे आहे ते जिथे अपुरे पडते, अडचणीचे ठरते किंवा उलटते, अशा प्रसंगासमोर त्याला उभे करावे लागते. तो प्रसंग म्हणजे त्याची जोड. समोर कधी खलनायक असेल, कधी एखादे वचन असेल, कधी नुसती सकाळ होणे असेल. जोड सापडली नाही तर नायक कितीही भन्नाट असला तरी त्याला हात लावू नये, असे माझे मत आहे.

नायक अपरिचित असणे हा दोष आहे ही समजूत आधी काढून टाका. ब्लेड हे पात्र १९७३ मध्ये ड्रॅक्युलाच्या एका कॉमिक्समध्ये दुय्यम पात्र म्हणून आले, आणि त्याच्यावरचा १९९८चा चित्रपट पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असेल. आज आयर्न मॅन घराघरात पोचला आहे, पण २००८ मध्ये मार्व्हलने त्याच्यावर डाव लावला तेव्हा त्यांचे अधिक लाडके नायक, म्हणजे स्पायडर-मॅन आणि एक्स-मेन, यांचे चित्रपटहक्क दुसऱ्या कंपन्यांकडे गेलेले होते. जे हाताशी होते त्यावर त्यांना काम करावे लागले. बोलणारा रॅकून आणि तीन शब्दांपलीकडे न बोलणारे झाड असलेल्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ या २०१४च्या चित्रपटाने जगभरात सुमारे ७७ कोटी डॉलर कमावले. अपरिचित नायकाबद्दल प्रेक्षकाने मनात काही ठरवलेले नसते, त्यामुळे लेखकाचा हात मोकळा राहतो.

हा मोकळा हात वाया कसा जातो याचेही उदाहरण आहे. कॉमिक्समधील मॅडम वेब, जी १९८०च्या एका अंकात पहिल्यांदा आली, ती वृद्ध, दृष्टिहीन आणि दुर्धर स्नायुविकाराने एका यंत्राधारित खुर्चीला खिळलेली स्त्री आहे. तिला पुढचे दिसते, पण त्याबाबत काही करायला ती जागची हलू शकत नाही. जोड आयती लावून ठेवलेली होती. २०२४च्या चित्रपटात तिला रुग्णवाहिकेवर काम करणारी धडधाकट तरुणी करण्यात आले, आणि मग भविष्य दिसण्याचा उपयोग वेळेवर बाजूला होण्यापुरता राहिला. मी तो चित्रपट दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा वही घेऊन. ज्या अडचणीमुळे ते पात्र वेगळे होते तीच काढून टाकल्यावर लेखकांना दर पंधरा मिनिटांनी बाहेरून संकट आणावे लागलेले दिसते.

आता तुमची यादी. तुमचा पहिला नंबर बूस्टर गोल्डचा असला तरी मी डॉक्टर मिड-नाइटपासून सुरुवात करते, कारण माझ्या मते तुमच्या हाती लागलेले सोने तिथे आहे.

१९४१ मध्ये आलेला हा नायक व्यवसायाने डॉक्टर आहे. चार्ल्स मॅकनायडर हे त्याचे नाव. टोळीवाल्यांविरुद्ध साक्ष देणाऱ्या एका माणसावर तो उपचार करत असताना गुंड हातबॉम्ब टाकतात, साक्षीदार मरतो आणि डॉक्टरचे डोळे जातात. पुढे एका रात्री खिडकीतून घुबड आत येते, तो डोळ्यांवरची पट्टी काढतो आणि त्याला कळते की अंधारात त्याला स्वच्छ दिसते. उजेडात मात्र तो आंधळाच आहे. मग तो उजेडात पाहण्यासाठी खास चष्मा तयार करतो, गडद काळोख पसरवणारे बॉम्ब बनवतो, आणि जगासमोर मात्र अंध डॉक्टर म्हणूनच वावरतो. तुम्ही याच्यापुढे ‘अंधारात दिसते’ एवढेच लिहिले आहे. मी ‘उजेडात दिसत नाही’ असे लिहिले असते, कारण चित्रपट या दुसऱ्या वाक्यात आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांवर गेली, जिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे, तेव्हा मी प्रयाग चिखलीत मामांच्या घरी वरच्या मजल्यावर अडकले होते. वीज आधीच गेलेली होती. पहिल्या रात्री अंधाराची भीती वाटली. दुसऱ्या रात्री डोळे सरावले आणि समोरच्या घराचे छप्पर, त्यावरची माणसे, पाण्यातून जाणारा ओंडका, एवढे अंधुक दिसू लागले. मग बोट आली. बोटीतल्या माणसांनी आमच्याच भल्यासाठी बॅटरीचा झोत आमच्या तोंडावर मारला आणि त्या क्षणी आम्हाला काहीच दिसेना. मामी पायरी समजून पाण्यात पाय टाकणार होत्या. मदतीला आलेला उजेड माणसाला आंधळा करतो, ही गोष्ट मी त्या रात्री अंगावर अनुभवली, आणि मिड-नाइटची जोड मला तिथे दिसली.

चित्रपट त्याच्याच देशात, अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका शहरात घडू द्या. चक्रीवादळाची रात्र आहे, रुग्णालयाचे तळघर पाण्याखाली जाऊन जनरेटर बंद पडला आहे, आणि वरच्या मजल्यांवर अडकलेल्या रुग्णांना जिन्याने गच्चीवर न्यायचे आहे. संध्याकाळी सातला गोष्ट सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. चष्मा पहिल्या अर्ध्या तासात फुटला पाहिजे, नाहीतर सगळे सोपे होईल. अख्ख्या इमारतीत दिसणारा माणूस तो एकटाच; इतके दिवस ज्याला परिचारिका हात धरून नेत होत्या तो आता इतरांना हात धरून नेतो, आणि त्यामुळे त्याचे गुपित एकेका रुग्णापुढे उघडे पडत जाते. मध्यंतराला हेलिकॉप्टर येते. सगळे आनंदाने ओरडतात, प्रखर झोत गच्चीवर पडतो, आणि कडेवर मूल घेतलेला आपला नायक गच्चीच्या काठावर आंधळा होऊन थबकतो. तिथून पुढे प्रत्येक मदत त्याच्या विरुद्ध जाते. मेणबत्ती, मोबाइलची बॅटरी, विजेचा लखलखाट, आणि सर्वांत शेवटी पूर्वेकडे फाटणारी पहाट. अशा चित्रपटात शहर उडवून द्यायला निघालेला खलनायक आणलात तर तुम्ही स्वतःच स्वतःच्या गोष्टीत झोत मारल्यासारखे होईल.

एक तांत्रिक प्रश्न तुम्हाला आत्ताच सोडवावा लागेल. पूर्ण अंधार पडद्यावर दाखवला तर प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करतो, आणि त्याला दिसते ते हिरव्या रंगात दाखवले तर युद्धाच्या बातम्यांतले दृश्य वाटते. माझा उपाय असा की मध्यंतरापर्यंत आपण रुग्णांच्या बाजूने राहावे: काळा किंवा जवळजवळ काळा पडदा, पाण्याचा, चाकांच्या खुर्चीचा, श्वासांचा आवाज, आणि त्यातून येणारा एक शांत, ठाम आवाज, ‘डावीकडे तीन पायऱ्या आहेत.’ मध्यंतरानंतर आपण डॉक्टरच्या डोळ्यांत शिरावे. त्याचा अंधार साध्या, मऊ, राखाडी उजेडाचा असावा, ढगाळ दुपारी रंकाळा तलावावर असतो तसा. आणि कोणी काडी ओढली की पडदा पांढराफटक व्हावा. हा नियम संहितेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण तो छायालेखकाइतकाच ध्वनिसंयोजकाला लागणार आहे. खर्चाच्या दृष्टीनेही हे फायद्याचे आहे. एक इमारत, एक रात्र आणि पाणी. पाण्यात चित्रीकरण करणे स्वस्त नसते, हे मात्र निर्मात्याला आधी सांगावे.

ब्लू मार्व्हलची गोष्ट वेगळी आहे आणि ती लिहायला मला स्वतःला धीर झाला नसता. हे पात्र केव्हिन ग्रेव्हियू यांनी २००८ मध्ये आणले, पण त्याची कथा १९६२ मध्ये घडते. अॅडम ब्रॅशिअर हा कोरियाच्या युद्धात लढलेला, विज्ञान शिकलेला कृष्णवर्णीय माणूस आहे. प्रतिद्रव्याच्या (अँटिमॅटरच्या) एका अपघातातून त्याला अफाट शक्ती मिळते आणि सर्वांग झाकणाऱ्या पोशाखात तो देशाचा लाडका नायक होतो. एका लढाईत त्याचा मुखवटा फाटतो, तो गोरा नाही हे लोकांना कळते, आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी त्याला सौजन्याने विनंती करतात की आता आपण थांबावे. तो थांबतो.

त्याला कोणी हरवू शकत नाही, म्हणून त्याच्यासमोर आणखी बलवान राक्षस उभा करण्याचा मोह तुम्हाला होणार. कॉमिक्समध्ये तसा एक जुना मित्र शत्रू होऊन येतोही. मी त्याला शेवटच्या वीस मिनिटांपुरता ठेवीन, किंवा ठेवणारच नाही. अॅडमची जोड त्याने दिलेल्या शब्दाशी लागते. मे १९६३ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅममध्ये समान हक्क मागणाऱ्या मुलांवर पोलिसांनी पाण्याचे जोरदार फवारे मारले आणि कुत्रे सोडले. हा माणूस ते घरातल्या दूरदर्शन संचावर पाहतो आहे, दोन मिनिटांत तिथे पोचू शकतो आहे, आणि खुर्चीतून उठत नाही. त्याची मुलगी, जी आपण कल्पायची, त्याच्याकडे पाहते आहे. २२ नोव्हेंबर १९६३ला केनेडींची हत्या होते. ज्याला शब्द दिला तोच गेला. आता शब्द उरला का? चित्रपटाचा उत्तरार्ध या एका प्रश्नावर चालू शकतो, आणि त्याचे उत्तर मी तुम्हाला देणार नाही, कारण ते तुमचे तुम्ही लिहिले तरच पटकथा तुमची होईल.

तुमची शंका अशी असेल की खोलीत बसून झालेल्या विनंतीला पडद्यावर वजन कसे यायचे. कोल्हापूरच्या मुलाने ही शंका घेऊ नये. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढून दिले आणि तिथे थांबून सर्वांदेखत चहा घेतला, ही गोष्ट तुम्ही शाळेत असल्यापासून ऐकली आहे. त्यात ना युद्ध आहे, ना भाषण; एका माणसाने भर रस्त्यात कप ओठाला लावला, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे ठरवावे लागले. केनेडींच्या दालनातील प्रसंग लिहिताना हा कप डोळ्यांसमोर ठेवा, फक्त उलट्या दिशेने: तिथे सन्मान देऊन माणसाला दूर सारले जाते. संवाद जितके सभ्य लिहाल तितका तो प्रसंग बोचेल.

द क्वेश्चनबद्दल तुम्ही फार उत्साहाने लिहिले आहे, पण मी तुम्हाला थोडे मागे ओढणार आहे. स्टीव्ह डिटको यांनी १९६७ मध्ये निर्माण केलेला हा पत्रकार चेहऱ्यावर असा मुखवटा चढवतो की डोळे, नाक, ओठ काहीच उरत नाही. कागदावर ते चित्र जबरदस्त दिसते. पडद्यावर मात्र क्लोजअप हे आपले सर्वांत मोठे शस्त्र तुम्ही पहिल्याच सीनमध्ये टाकून देता. मूकपटाच्या नटांकडून आपण शिकू शकतो, मान, खांदे, टोपीची कड, हातांची बोटे यांतून अभिनय काढता येतो, आणि आवाज चांगला असेल तर डबिंगमध्ये निम्मे काम होते; तरी दोन तास कठीण आहे. दुसरी अडचण अधिक खोल आहे. १९८७ पासून निघालेल्या त्याच्या ३६ अंकांच्या मालिकेत हब सिटी नावाचे सडलेले शहर हळूहळू उलगडते आणि नायक स्वतःची मते तपासत राहतो. त्याची रंगत त्या संथपणात आहे. हा माणूस आठ-दहा भागांच्या वेबमालिकेचा आहे. चित्रपटासाठी त्याला निवडू नका.

बूस्टर गोल्ड सोपा आहे आणि म्हणूनच फसवा आहे. पंचविसाव्या शतकातला खेळाडू, सट्टेबाजीत नाव घालवून बसलेला, संग्रहालयात रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून लागतो, तिथली आयुधे चोरतो आणि प्रसिद्ध होण्यासाठी विसाव्या शतकात येतो. १९८६ मध्ये डॅन जर्गन्स यांनी आणलेल्या या पात्राकडे सगळे विनोदी म्हणून पाहतात. त्याची जोड २००७च्या मालिकेने लावून ठेवली आहे: कालप्रवाह वाचवण्याचे खरे काम त्याला मिळते, पण ते कोणाला कळता कामा नये आणि जगाने त्याला बावळटच समजत राहिले पाहिजे. प्रसिद्धीसाठी हपापलेल्या माणसाला गुप्तदान करायला लावणे, एवढ्यात गोष्ट आली. जाहिरातींच्या फलकावर स्वतःचा चेहरा पाहून खूश होणारा हा गडी तुम्ही चांगला लिहाल, तुमच्या संवादांना फिरकी आहे. मात्र कालप्रवासाचे नियम समजावण्यात वीस पाने घालवू नका.

बहादूरकडे येताना माझा तोल जाण्याची शक्यता आहे, हे आधीच कबूल करते. इंद्रजालचे मराठी अंक मी महाद्वार रोडजवळच्या एका रद्दीच्या दुकानातून आठवड्याला दोन या हिशोबाने आणत असे आणि वेताळाच्या (फँटमच्या) अंकांपेक्षा बहादूरचे अंक लपवून ठेवत असे. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केलेल्या या नायकाकडे कोणतीही अलौकिक शक्ती नाही. भगवा कुडता, जीन्स आणि गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल एवढाच त्याचा सरंजाम. त्यामुळे काही जण त्याला सुपरहिरो मानणार नाहीत, आणि त्या वादात मला रस नाही. त्याचा बाप भैरवसिंग डाकू होता, तो पोलीस अधिकारी विशालच्या हातून मारला गेला, आणि ज्याचा सूड घ्यायचा त्याच विशालच्या छायेत बहादूर मोठा झाला. तुमच्या यादीत एवढी घट्ट जोड दुसऱ्या कोणाची नाही. दरोडेखोरांवरचे चित्रपट आपल्याकडे भरपूर झाले, पण बापाला मारणाऱ्याच्या ताटात जेवलेल्या मुलाने पुढे बंदूक कोणाच्या बाजूने धरायची, हा प्रश्न मध्यभागी ठेवून १९७०च्या दशकातले चंबळ लिहायला घेतले तर आजही ते शिळे होणार नाही. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने तिथल्या अनेक डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती, ही पार्श्वभूमी विसरू नका. शस्त्र खाली ठेवलेल्या एखाद्या म्हाताऱ्या डाकूला बहादूरसमोर बसवून पाहा. त्याचा बाप कसा होता हे सांगू शकणारा तेवढाच एक माणूस उरलेला असेल.

आता दुसरा प्रश्न, उगमाच्या कथेचा. मी तरुण असताना एका निर्मात्याला स्वतः कल्पिलेल्या सुपरहिरोचे नरेशन द्यायला मुंबईला गेले होते. नायकाचे बालपण, आजोबांचा शाप, प्रयोगशाळेतील स्फोट, असे सगळे रंगवून सांगता सांगता पन्नास मिनिटे गेली. निर्माता भला माणूस होता. त्याने दोनदा चहा मागवला आणि मग हळूच विचारले, ‘ताई, पिक्चर कधी सुरू होणार?’ परतीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये मी ती पन्नास मिनिटे चार ओळींत लिहून पाहिली, आणि चौथ्या ओळीत खरी गोष्ट सुरू होत होती. तेव्हापासून माझा नियम असा आहे की शक्ती कशी मिळाली हे प्रेक्षकाला तेव्हाच सांगावे, जेव्हा ते न सांगता पुढचा प्रसंग कळणार नाही. मिड-नाइटच्या बाबतीत ते चष्मा फुटल्यानंतर, एखाद्या घाबरलेल्या रुग्णाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून दोन वाक्यांत यावे. ब्लू मार्व्हलच्या बाबतीत अपघात दाखवण्याची गरजच नाही, कारण त्याच्या आयुष्याला वळण देणारी घटना मुखवटा फाटणे ही आहे. बहादूरच्या बाबतीत मात्र उगम हीच गोष्ट आहे, म्हणून तो सुरुवातीला सांगून संपवू नका; बापाच्या मृत्यूचा एकेक तुकडा शेवटपर्यंत राखून ठेवा.

गुप्त ओळखीचेही तसेच. तुमच्या टिपणात तीन नायकांना गुप्त ओळख आहे, पण ती उघडी पडली तर काय बिघडते हे एकदाही लिहिलेले नाही. विराटपर्वात पांडवांचा अज्ञातवास एका वर्षाचा आहे, आणि ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास ठरलेला आहे. भीम स्वयंपाकी झाला आहे, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करते आहे, कीचक तिच्या मागे लागला आहे, आणि जो त्याला एका हाताने चिरडू शकतो त्याने ताकद दाखवली की सगळ्यांचा घात होणार. मुदत आहे, दंड आहे आणि रोजचा अपमान आहे; गुप्त ओळखीला वजन येण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही. मिड-नाइटने अंध असल्याचे सोंग का टिकवायचे, याचे असे उत्तर तुम्ही शोधले पाहिजे. माझा अंदाज असा की ज्या टोळीने त्याचे डोळे घेतले तिच्यापैकी एक जण त्या रात्री त्याच रुग्णालयात दाखल असावा.

याच कथेवर बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात, स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याने ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला आणि तो १९२० मध्ये लोकांपुढे आला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की ते कापावे लागले. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी यात पाहते. लपवलेली ताकद आणि तिची किंमत हा विषय या गावाच्या पडद्याला शंभर वर्षांपासून ओळखीचा आहे. मॅकनायडर डॉक्टरला उचलून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आणून बसवण्याची गरज नाही. तसे केले तर ते विडंबन होईल. त्याला त्याच्या शहरात राहू द्या आणि अंधाराबद्दल, पुराबद्दल, गर्दीबद्दल तुम्हाला जे अंगभूत ठाऊक आहे ते त्याच्या रात्रीत घाला.

हक्कांबद्दल थोडक्यात, कारण ते न सांगणे बेजबाबदारपणाचे होईल. तुमच्या यादीतील परदेशी नायक डीसी किंवा मार्व्हल या कॉमिक्स-कंपन्यांच्या मालकीचे आहेत आणि बहादूरचेही हक्क मोकळे नाहीत. वर्गातील सराव म्हणून टिपण लिहिणे वेगळे आणि ते घेऊन निर्मात्याकडे जाणे वेगळे. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, पण पात्र, नाव, पोशाख यांवर असते. अमेरिकेत जुन्या कायद्यानुसार २८ वर्षांनी हक्कांचे नूतनीकरण करावे लागे आणि काही छोट्या प्रकाशकांनी ते केले नाही, त्यामुळे १९४०च्या दशकातील काही नायक आज सर्वांचे मानले जातात. १९४१ मध्ये आलेला ब्लॅक टेरर हा औषधविक्रेता त्यांतला एक. तसा एखादा घ्यायचा झाला तरी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. त्याहून सरळ मार्ग असा की मिड-नाइटच्या निमित्ताने सापडलेली जोड ठेवून नायक नवा घडवावा, आणि ती पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी.

तेव्हा येत्या वर्गाला मिड-नाइटचे बारा पानांचे टिपण आणा. घड्याळ समोर ठेवून लिहा. प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर किती वाजले आहेत आणि त्या क्षणी उजेड कुठून येतो आहे हे लिहिलेले असले पाहिजे. एखाद्या रात्री घरातले दिवे बंद करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, जिना वर-खाली करून पाहा आणि काय ऐकू आले ते टिपून ठेवा. शेवटचा प्रसंग मात्र मी तुम्हाला आत्ताच सुचवून ठेवते, पटला नाही तर बदला: सकाळ झाली आहे, गच्ची रिकामी झाली आहे, डॉक्टरला काही दिसत नाही, आणि रात्री ज्या म्हातारीला त्याने सहा मजले उचलून आणले तीच त्याचा हात धरून त्याला खाली नेते आहे, पायऱ्या मोजत.